राजाचे स्वगत

गेल्या वर्षीच्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील युवकांनी एकपात्री अभिनयाची स्पर्धा आयोजित केली होती. प्रभू येशूच्या दुःखसहनातील कोणतीही एक व्यक्ती निवडावी आणि सात मिनिटांत तिचे स्वगत सादर करावे, असा नियम होता. स्पर्धेला आठवडा उरला असताना महाविद्यालयात शिकणारा एक तरुण सायंकाळच्या मिस्सानंतर मला भेटावयास आला. त्याने यहूदा इस्कार्योताचे स्वगत स्वतः लिहिले होते. वहीचे चार कागद त्याने माझ्या टेबलावर पसरले. मजकूर निळ्या शाईत होता आणि समासात तांबड्या शाईने सूचना लिहिल्या होत्या : 'येथे ओरडणे', 'येथे गुडघ्यांवर कोसळणे', 'येथे नाणी फेकणे'.

"फादर, सगळे पाठ झाले आहे. फक्त आवाज नेमका कुठे चढवायचा तेवढे सांगा," तो म्हणाला.

मी कागद वाचून काढले. लिखाण वाईट नव्हते. मी त्याला विचारले, "अरे, पण यहूदा हे सारे कोणाला सांगतो आहे?"

तो गोंधळला. "कोणाला म्हणजे? स्वगत आहे ना, फादर! स्वतःशीच बोलतो आहे. म्हणजे... प्रेक्षकांशी."

निघताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या आजीला हा खटाटोप पसंत नव्हता. दुसऱ्याचे पाप आपल्या तोंडाने बोलावयाचे, खोटे अश्रू ढाळावयाचे आणि वर टाळ्या घ्यावयाच्या, हे ढोंग नव्हे तर काय, असे ती माऊली म्हणत होती.

तो गेल्यावर दोन्ही प्रश्न माझ्या मनात घोळत राहिले. स्वगत कोणाला उद्देशून असते? आणि दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडी घेणे हे ढोंग आहे की आणखी काही? या प्रश्नांची उत्तरे मला नाट्यशास्त्राच्या ग्रंथांत शोधावी लागली नाहीत. एका तरुण नटाने एका राजाचे स्वगत कसे तयार केले, त्याची हकिकत मला ठाऊक होती. तो नट पुढे आपल्या ख्रिस्तसभेचा परमगुरू झाला आणि आज आपण त्याला संत म्हणून वंदन करतो. ती हकिकत वाचकांपुढे मांडावी, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

आजीचा प्रश्न जुनाच

त्या आजीचा आक्षेप फार पुरातन आहे. ग्रीक भाषेत नटाला 'हिपोक्रितेस' म्हणत. शुभवर्तमानात प्रभूने परुश्यांना ढोंगी म्हटले, तेथे मूळ ग्रीक पाठात हाच शब्द आहे. मुखवटा चढवून दुसऱ्याचे शब्द बोलणारा तो नट, आणि भक्तीचा मुखवटा चढवून आत वेगळाच असणारा तो दांभिक. दोघांना एकच नाव मिळाले, यातच सारे आले.

संत ऑगस्टीन यांना तर ही गोष्ट स्वानुभवाने माहीत होती. आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनाच्या पहिल्याच भागात त्यांनी शाळेतील एक आठवण नोंदवली आहे. व्हर्जिलच्या महाकाव्यातील जूनो देवी ट्रॉयच्या राजाला इटलीपासून रोखू शकत नाही म्हणून संतापते व शोक करते. तिचे ते भाषण मुलांनी गद्यात मांडून म्हणून दाखवावयाचे असे. जो मुलगा तो क्रोध आणि ते दुःख देवीच्या प्रतिष्ठेला साजेल अशा रीतीने हुबेहूब उभे करील, त्याची वाहवा होई. बाल ऑगस्टीनला सवंगड्यांपेक्षा अधिक टाळ्या मिळाल्या. पुढे त्यांना त्या टाळ्या पोकळ वाटू लागल्या. कार्थेज शहरातील नाट्यगृहांची त्यांना लागलेली ओढही त्यांनी अशीच परखडपणे तपासली. रंगमंचावरचे दुःख पाहून रडणाऱ्याला कोणाच्याही मदतीला धावून जावे लागत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

परंतु गंमत अशी की ज्या ग्रंथात त्यांनी हे लिहिले, तो ग्रंथ स्वतःच एक प्रदीर्घ स्वगत आहे! आरंभापासून अखेरपर्यंत एकच माणूस बोलतो. फरक एवढाच की तो परमेश्वराशी बोलतो आणि आपण वाचक बाजूला उभे राहून ऐकतो. जूनोचे भाषण टाळ्यांसाठी होते, हे भाषण क्षमेसाठी आहे. शाळेतल्या त्या बक्षीसपात्र मुलाला आपला खरा श्रोता पुढे सापडला, असे म्हणावयास हरकत नाही.

वादोवित्सेची शिदोरी

आता विसाव्या शतकातील पोलंडकडे वळू. १८ मे १९२० रोजी वादोवित्से या लहानशा गावात कारोल वोयतिला जन्मला. नऊ वर्षांचा होण्यापूर्वीच त्याची आई वारली. १९३२ साली डॉक्टर असलेला त्याचा थोरला भाऊ रुग्णसेवा करताना आजाराचा संसर्ग होऊन दगावला. घरात वडील आणि मुलगा असे दोघेच उरले. अशा या घरातील मुलाला शाळेच्या रंगमंचाने जवळ केले.

त्याची स्मरणशक्ती विलक्षण होती. पोलिश कवी युलिउश स्वोवात्स्की यांच्या 'बालादिना' या नाटकात त्याची एक भूमिका ठरलेली होती. प्रयोग दोन दिवसांवर आला असता दुसऱ्या एका पात्राचे काम करणारा मुलगा गळाला. कारोलने ते कामही अंगावर घेतले, कारण तालमी ऐकून ऐकून त्याला त्या पात्राचेही सारे संवाद मुखोद्गत झाले होते. आपल्याकडे गावोगावच्या नाट्यमंडळांत अशी मुले असतात. त्यांच्यावर संस्थेचा प्रयोग तरतो.

परंतु पाठांतर म्हणजे तयारी नव्हे, हे त्याला लवकरच कळले असावे. एकदा कझिमिएरा रिख्तेरुव्ना ही त्या काळची नामवंत काव्यवाचक अभिनेत्री वादोवित्सेला आली आणि तिच्यासमोर मुलांची काव्यवाचनाची स्पर्धा झाली. कारोलने निवडली ती कवी नॉर्विद यांची 'प्रोमेथिदिओन' ही रचना. कला, श्रम आणि सौंदर्य यांवरील ती विचारप्रधान कविता आहे. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणणारे तीत काही नाही. पहिले बक्षीस त्याची शाळासोबतीण हालिना क्रूलिकेविच हिने पटकावले आणि कारोलला दुसऱ्यावर समाधान मानावे लागले. हे दुसरे बक्षीस मला फार बोलके वाटते. टाळ्या मिळवून देणारा उतारा बाजूला ठेवून कठीण उतारा निवडण्याची खोड या मुलाला तेव्हापासूनच होती.

या काळात त्याला गुरू लाभला तो म्येचिस्वाव कोत्लार्चिक. हा इतिहासाचा शिक्षक नाटकाने झपाटलेला होता. त्याची श्रद्धा अशी, की नाटकाचा प्राण पडदे, दिवे, वेशभूषा यांत नसून उच्चारलेल्या शब्दात आहे. नटाने शब्दाला वाट करून द्यावी, त्याच्या वाटेत उभे राहू नये. नटाचे काम त्याला जवळजवळ धर्मगुरूच्या सेवेसारखे वाटे, कारण दोघेही दृश्य वस्तूंच्या द्वारे माणसाला अदृश्य सत्यापाशी नेतात. घरच्या बैठकीत तो विद्यार्थ्यांकडून कवितेची एकेक ओळ घोटून घेई. ही शिदोरी घेऊन १९३८ साली कारोल वडिलांसह क्राकोव शहरात आला आणि तेथील प्राचीन यागेलोनियन विद्यापीठात पोलिश भाषा-साहित्याचा अभ्यास करू लागला.

तळघरातील तालमी

अभ्यासाचे एकच वर्ष पुरे झाले. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसले. ६ नोव्हेंबरला क्राकोवच्या प्राध्यापकांना सभेच्या निमित्ताने एकत्र बोलावून अटक करण्यात आली आणि त्यांतील बहुतेकांची रवानगी साक्सनहाउझनच्या छळछावणीत झाली. विद्यापीठ बंद पडले, माध्यमिक शाळा बंद झाल्या. पोलिश राजांचा वावेल हा टेकडीवरचा किल्ला जर्मन गव्हर्नर हान्स फ्रांक याचे निवासस्थान बनला. ज्या टेकडीवरील कॅथेड्रलमध्ये पोलंडचे राजे, संत आणि थोर कवी चिरनिद्रा घेत होते, तेथेच आता जेत्याचा झेंडा फडकू लागला. पोलिश माणसाने मजूर म्हणून जगावे, वाचू नये, शिकू नये, आपली कविता आठवू नये, असे ते धोरण होते.

कारोल मजूर झाला. १९४० च्या शरद ऋतूपासून त्याने दगडाच्या खाणीत काम केले आणि १९४१ मध्ये तो सॉल्वे कंपनीच्या रासायनिक कारखान्यात गेला. तेथे तो खांद्यावरून चुन्याच्या बादल्या वाही, कित्येकदा रात्रपाळीत. रात्री काम नसेल तेव्हा तेथेच बसून वाची. संत लुई द मोंतफोर्त यांच्या पवित्र मरियेच्या भक्तीवरील पुस्तकाची त्याची प्रत सोड्याच्या डागांनी भरून गेली होती, असे त्याने पुढे सांगितले आहे. त्यातच १८ फेब्रुवारी १९४१ रोजी वडील गेले. कामावरून परतलेल्या कारोलला ते मृतावस्थेत आढळले. वयाच्या एकविसाव्या वर्षाआधीच त्याच्या घरातले सर्वजण त्याला सोडून गेले होते.

त्या उन्हाळ्यात कोत्लार्चिक पत्नीसह वादोवित्सेहून निसटून क्राकोवला आला आणि कारोलच्याच बिऱ्हाडी राहू लागला. तिनिएत्स्का रस्त्यावरील १० क्रमांकाच्या घराचा तो तळमजला इतका अंधारा व दमट होता, की मित्रमंडळी त्याला गमतीने 'भुयारी दफनभूमी' म्हणत. रोममधील आद्य ख्रिस्ती जेथे लपूनछपून जमत, त्या कॅटकोम्ब्सची ती आठवण. २२ ऑगस्ट १९४१ रोजी 'ऱ्हाप्सोडिक थिएटर' या गुप्त नाट्यसंस्थेची स्थापना झाली. कोत्लार्चिक, कारोल, हालिना आणि आणखी दोन तरुणी, दानुता मिखावोव्स्का व क्रिस्तिना देंबोव्स्का, एवढाच संच. प्राचीन ग्रीसमध्ये महाकाव्ये म्हणत हिंडणाऱ्या गायकांना 'ऱ्हाप्सोड' म्हणत, त्यावरून हे नाव घेतले होते.

तालमी बुधवारी आणि शनिवारी होत. पाळी संपवून, संचारबंदीची वेळ सांभाळून, गस्त चुकवून कलावंत जमत. प्रयोग एखाद्या विश्वासू कुटुंबाच्या दिवाणखान्यात, मोजक्या निमंत्रितांपुढे होई. पडदा नाही, नेपथ्य नाही, रंगभूषा नाही. फार तर एक मेणबत्ती आणि कोपऱ्यात पियानो. नट जवळजवळ स्थिर उभे राहून बोलत. हे सारे सापडले असते तर कलावंत आणि श्रोते या दोघांचीही गत छळछावणीत झाली असती. तरीही युद्धकाळात या संस्थेने सात नवीन कार्यक्रम बसवले, बावीस प्रयोग केले, आणि त्यांच्यासाठी शंभराहून अधिक तालमी घेतल्या. बावीस प्रयोगांसाठी शंभर तालमी! आमच्या युवक मंडळींनी हा हिशेब अवश्य ध्यानात ठेवावा.

एक स्वगत, दोन प्रयोग

पहिला प्रयोग १ नोव्हेंबर १९४१ रोजी, सकल संतांच्या सणादिवशी झाला. त्यासाठी स्वोवात्स्की यांचे 'क्रूल दुख', म्हणजे 'आत्मा-राजा', हे काव्य निवडले होते. पोलंडचा एक आत्मा युगायुगांतून वेगवेगळ्या राजांच्या रूपाने अवतरतो आणि आपली कहाणी स्वमुखाने सांगतो, अशी त्याची कल्पना आहे. त्यातील बोलेस्वाव या राजाचे स्वगत कारोलच्या वाट्याला आले.

हा बोलेस्वाव कोण, हे सांगणे आवश्यक आहे. अकराव्या शतकातील हा पराक्रमी पोलिश राजा 'धाडसी' या बिरुदाने ओळखला जातो. क्राकोवचे महागुरुस्वामी स्टॅनिस्लास यांनी त्याच्या वर्तनावर टीका केली. १०७९ साली राजाने त्यांचा वध करविला. मिस्साबली अर्पण करीत असतानाच राजाने स्वहस्ते त्यांच्यावर तलवार चालवली, अशी परंपरा सांगते. त्यानंतर राजाला सिंहासन सोडून हंगेरीत परागंदा व्हावे लागले. स्टॅनिस्लास यांना १२५३ साली संतपद मिळाले आणि ते पोलंडचे आश्रयदाते संत मानले जाऊ लागले. त्यांचे अवशेष त्याच वावेल टेकडीवरील कॅथेड्रलमध्ये आहेत. म्हणजे कारोलने जे स्वगत तयार करावयाचे, ते एका खुनी राजाचे होते आणि खून झाला होता तो एका संताचा.

पहिल्या वेळी कारोलने ते स्वगत मोठ्या ताकदीने सादर केले. आवाजात धार होती, राजाचा दर्प आणि सामर्थ्य होते. ऐकणारे भारावले. पुढच्या प्रयोगात मात्र त्याने सगळेच बदलले. तेच शब्द तो हळू, संयत, जवळजवळ एकसुरी आवाजात बोलला. सोबत्यांना धक्काच बसला. काहींना हा बदल मुळीच रुचला नाही. प्रभाव ओसरला, असे त्यांनी त्याला बोलूनही दाखवले. असे का केलेस, या प्रश्नावर त्याने दिलेले उत्तर त्याच्या सहकाऱ्यांनी जपून ठेवले आहे. आपण मधल्या काळात या स्वगताचा विचार केला आणि हे राजाचे पापनिवेदन आहे असे आपल्याला उमगले, अशा आशयाचे ते उत्तर होते.

प्रिय वाचकहो, या उत्तरापाशी क्षणभर थांबावे असे मला वाटते. पहिल्या प्रयोगात आणि दुसऱ्या प्रयोगात एक अक्षरही बदलले नव्हते. बदलला होता तो श्रोता. पहिल्या वेळी राजा दिवाणखान्यातील लोकांशी बोलत होता. दुसऱ्या वेळी तो परमेश्वराशी बोलत होता आणि दिवाणखान्यातील लोक ते ऐकत होते. श्रोता बदलताच आवाज आपोआप खाली आला. 'आवाज कुठे चढवायचा' हा प्रश्नच तेथे उरला नाही.

मी गेली पंचवीस वर्षे प्रायश्चित्त संस्काराच्या खुर्चीत बसतो आहे. तेथील कोणतीही गोष्ट बाहेर सांगावयाची नसते, पण एक सर्वसाधारण निरीक्षण नोंदवावयास प्रत्यवाय नाही. मनापासून कबुली देणारा माणूस ओरडत नाही. छाती पिटून मोठमोठे शब्द वापरणाऱ्याला पुष्कळदा काहीतरी झाकावयाचे असते. खरे बोलणारा अडखळतो, शब्द शोधतो, आणि सर्वांत जड गोष्ट सर्वांत साध्या शब्दांत, बहुधा अगदी शेवटी सांगतो. एकवीस वर्षांच्या त्या मजुराने हे कसे ओळखले असेल? काही महिन्यांपूर्वी पित्याच्या मृतदेहापाशी गुडघे टेकून काढलेल्या रात्रीने त्याला शिकवले असेल, की स्वतःच्या पापनिवेदनाने, हे तोच जाणे.

या बदलात आणखी एक धाडस होते. तो काळ आठवा. टेकडीवर हान्स फ्रांक, रस्त्यावर बंदूकधारी शिपाई आणि बंद खिडक्यांआड जमलेले अपमानित लोक. त्यांना आपल्या प्राचीन राजाची गर्जना ऐकावयाची होती, आणि त्यात गैर काहीच नव्हते. गर्जना करणे सोपे होते आणि लोकप्रियही. अशा वेळी कारोलने त्यांना सामर्थ्यवान राजा न देता पश्चात्तापी राजा दिला. शत्रूचे पाप तर समोर दिसतच होते. आपल्याही इतिहासात रक्ताचे डाग आहेत, आणि ते मान्य करणाराच राष्ट्र म्हणून ताठ उभा राहू शकतो, असे जणू त्या खालच्या आवाजाने सुचवले. हा अर्थ माझा आहे. त्याने तो असा शब्दांत मांडला नाही. पण ज्या परमगुरूने पुढे २००० सालच्या महोत्सवी वर्षात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली, त्याच्या त्या कृतीचे बीज मला या दिवाणखान्यात दिसते.

कर्ण्याच्या आवाजापुढे

नोव्हेंबर १९४२ मध्ये याच संस्थेने आदाम मित्स्कियेविच यांच्या 'पान तादेउश' या महाकाव्यातील उतारे सादर केले. कारोल बोलत असतानाच बाहेर रस्त्यावरचे सरकारी कर्णे खणखणू लागले आणि जर्मन सैन्याच्या विजयाची वार्ता मोठमोठ्याने सांगू लागले. क्राकोवचे लोक त्या कर्ण्यांना 'भुंकणारे' म्हणत. श्रोत्यांचे श्वास रोखले गेले. कारोल थांबला नाही, त्याने आवाजही चढवला नाही. जणू तो कर्णा अस्तित्वातच नाही, अशा शांतपणे तो कवितेच्या ओळी बोलत राहिला. उपस्थितांच्या मनावर त्या क्षणाचा ठसा आयुष्यभर राहिला. कर्ण्याशी स्पर्धा केली तर कर्णाच जिंकणार. ज्याला आपला श्रोता ठाऊक आहे त्याला ती स्पर्धा करावीच लागत नाही.

त्याच शरद ऋतूत कारोलने गुरूला सांगितले, की यापुढे मला भूमिका देऊ नका, मी धर्मगुरू होणार आहे. कोत्लार्चिकला हे फार जड गेले. आपला सर्वांत तयारीचा नट हातचा चालला होता. तादेउश कुद्लिन्स्की या दुसऱ्या ज्येष्ठ रंगकर्मी मित्राने त्याचे मन वळवण्यासाठी खूप वाद घातला आणि देवाने दिलेले तालांत जमिनीत पुरू नयेत हा दाखलाही पुढे केला. कारोल बधला नाही. आर्चबिशप सापिएहा यांच्या गुप्त सेमिनरीत तो दाखल झाला. अंगावरची कामे त्याने सोडली नाहीत. मार्च १९४३ मध्ये स्वोवात्स्की यांच्याच 'सामुएल झ्बोरोव्स्की' मध्ये त्याने शेवटची भूमिका केली. १ नोव्हेंबर १९४६ रोजी त्याला गुरुदीक्षा मिळाली. राजाचे स्वगत प्रथम उच्चारल्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती. आता तो इतरांचे पापनिवेदन ऐकणार होता.

तालांत जमिनीत पुरले गेले का? नक्कीच नाही. १९६० साली त्यांनी टोपणनावाने 'सोनाराचे दुकान' हे विवाहसंस्काराविषयीचे नाटक प्रसिद्ध केले. ते जवळजवळ सर्वस्वी स्वगतांनी बनलेले आहे. पती आणि पत्नी एकाच मंचावर असतात, पण प्रत्येक जण आपापले मन स्वतंत्रपणे उघडे करतो. आपल्या घरांतूनही हे दृश्य दिसत नाही काय? पुढे ते क्राकोवचे आर्चबिशप, म्हणजे संत स्टॅनिस्लास यांचेच वारस झाले. १९७८ च्या फेब्रुवारीत कोत्लार्चिक वारला आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला त्याचा शिष्य परमगुरू म्हणून निवडला गेला. जून १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे मायदेशी गेले, ते संत स्टॅनिस्लास यांच्या हौतात्म्याच्या नवशताब्दीच्या वर्षी. कोणे एके काळी मारेकऱ्याची कबुली ज्याने आपल्या तोंडी घेतली होती, तोच आता बळीच्या गादीचा वारस म्हणून लाखो लोकांसमोर उभा होता.

फेब्रुवारी १९८६ मध्ये ते आपल्याकडे आले तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. मोठ्या माणसांबरोबर लोकलने दादरला उतरून शिवाजी पार्क गाठले. मी इतका मागे होतो, की मला एक पांढरा ठिपकाच काय तो दिसला. त्यांचे इंग्रजीही मला फारसे समजले नाही. लक्षात राहिले ते त्यांचे थांबणे. एक वाक्य बोलून ते थांबत आणि एवढे विशाल मैदान त्यांच्याबरोबर थांबे. ते थांबणे कोणत्या तळघरात शिकलेले होते, हे मला सेमिनरीत त्यांचे चरित्र वाचताना समजले.

आणि मग २७ मार्च २००५ चा तो पुनरुत्थान रविवार. गळ्यावर शस्त्रक्रिया झालेली, आजाराने शरीर जर्जर झालेले. खिडकीत ते आले, बोलण्याचा प्रयत्न केला, शब्द फुटेना. हाताने क्रूसाची खूण करून त्यांनी आशीर्वाद दिला आणि ते आत गेले. पुढच्याच आठवड्यात, २ एप्रिलला, त्यांनी देह ठेवला. शब्दावर जगलेल्या नटाला अखेरच्या प्रवेशात शब्द मिळाला नाही, पण खाली चौकात उभ्या असलेल्यांना त्यांचे म्हणणे कळले नाही असे कोणी म्हणणार नाही.

पुन्हा यहूदा

हे सारे मी त्या तरुणाला सांगितले. दोन दिवसांनी तो परत आला, तेव्हा समासातील तांबड्या सूचना खोडलेल्या होत्या. "फादर, तो कोणाशी बोलतो ते सापडले," तो म्हणाला. त्याने मत्तयकृत शुभवर्तमानाचा सत्ताविसावा अध्याय पुन्हा वाचला होता. यहूदाने आपले पाप कबूल केल्याचे तेथे स्पष्ट लिहिले आहे. पण ती कबुली त्याने मुख्य याजकांपाशी दिली, आणि त्याचे आम्हांला काय, असे म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावले. "म्हणजे तो अशा माणसांशी बोलतो आहे, ज्यांना ऐकायचेच नाही," तो म्हणाला. मी गप्प झालो. इतकी वर्षे तो उतारा वाचून मी यहूदाकडेच पाहत आलो होतो. न ऐकणाऱ्या त्या याजकांकडे, म्हणजे माझ्याच पेशाकडे, माझे लक्ष कधी गेले नव्हते.

स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले नाही. तो इतक्या हळू बोलला, की मागच्या चार रांगांना काही ऐकूच गेले नाही आणि तेथे चुळबूळ सुरू झाली. दोष माझा होता. क्राकोवचा दिवाणखाना आणि आमचे सभागृह यांतील अंतर मी त्याला सांगितले नव्हते. आवाज खाली आणणे वेगळे आणि तो खालचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवणे वेगळे. त्यासाठी तर त्या शंभर तालमी होत्या.

पवित्र सप्ताहातील बुधवारी मिस्सात यहूदाच्या सौद्याचे शुभवर्तमान वाचले जाते. त्या सायंकाळी मिस्सानंतर आम्ही त्याला पुन्हा बोलावले. मधले दिवस तो रिकाम्या सभागृहात तालीम करीत होता आणि शेवटच्या बाकावर त्याने आपल्या आजीला बसवले होते. या वेळी प्रत्येक शब्द पोहोचला. त्याने नाणी फेकली नाहीत, फक्त ती घेण्यासाठी समोर कोणी हात पुढे करतो का, याची वाट पाहत तो हात पसरून उभा राहिला.

बाहेर पडताना मी आजींना विचारले, "काय आजी, अजून ढोंगच वाटते का?"

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फादर, त्या बिचाऱ्याचे कोणीतरी ऐकून घ्यायला हवे होते."